रंगाखालचा फोड

अप्पांना खिडकीजवळची खुर्ची मिळाली आणि मला मळमळायला लागलं. खरं तर आनंद व्हायला हवा होता. दीड वर्ष माझे वडील डायलिसिसच्या त्या लांबट हॉलमध्ये दाराशेजारी बसत होते. येणारं-जाणारं प्रत्येक स्ट्रेचर त्यांच्या पायाला घासून जायचं आणि दार उघडं राहिलं की बाहेरच्या मोरीचा वास थेट नाकात. खिडकीकडच्या खुर्च्या मोठ्या साहेबांच्या, असं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण झाडूवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. आणि आज अप्पा घरी आले ते फुलूनच. बूट काढायच्या आधी सांगायला लागले. "अगं, सिस्टर स्वतः आली. म्हणते, सर, आजपासून तुम्ही इकडे बसायचं. झाडं दिसतात तिथून! पाठीला उशी दिली. येताना गाडी दिली, दारापर्यंत. मी म्हटलं, बाई, मी एक निवृत्त माणूस, मला कशाला? तर म्हणते, वरून सांगितलंय." मी विचारलं, "वरून म्हणजे कुणी?" "वरून म्हणजे वरून. तुला काय करायचंय? चांगलं झालं तरी तपासणी?" असं म्हणून ते स्वतःच्याच विनोदावर हसले. मीही हसले, आणि चहा टाकायच्या निमित्तानं आत जाऊन बेसिनवर वाकले. काही पडलं नाही. नुसतीच तोंडात आंबट लाळ जमत राहिली.

आदल्या दिवशी मी एक फोड फोडला होता, त्याची ही उशी होती. मला ते लगेच कळलं आणि अप्पांना कळायचं काही कारण नव्हतं. मी अणुभट्ट्यांच्या सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या नियामक कार्यालयात तपासनीस आहे. भट्ट्या वीज महामंडळाच्या. आम्ही स्वतंत्र. स्वतंत्र हा शब्द आमच्या लेटरहेडवर आहे, आणि लेटरहेड सोडलं तर आमचं स्वतःचं म्हणावं असं तिथं काहीही नाही. कार्यालय महामंडळाच्या इमारतीत, पाचव्या मजल्यावर. खाली लिफ्टजवळच्या फलकावर आमचं नाव वाहन विभाग आणि उपाहारगृह यांच्या मध्ये. पाणी त्यांचं, पंखे त्यांचे, जेवण त्यांच्या उपाहारगृहात, आजारी पडलो की दवाखाना त्यांचा, अप्पांचं डायलिसिसही तिथंच. अणुवीज केंद्रावर तपासणीला जायचं तर गाडी त्यांच्या वाहन विभागाकडे मागायची, आणि तीसुद्धा एक दिवस आधी. अचानक तपासणीलासुद्धा. म्हणजे मी उद्या अचानक येणार आहे हे ड्रायव्हरला आज कळतं, तो गेस्टहाऊसच्या खानसाम्याला विचारतो की जेवायला किती माणसं, आणि खानसामा केंद्रप्रमुखांना विचारतो. आम्ही पोचतो तेव्हा ते दारात उभे असतात आणि म्हणतात, "अरे, अचानक?" पहिली काही वर्षं मी यावर चिडायचे. मग काही वर्षं हसायचे. आता कित्येक दिवस मला गाडीत बसलं की त्या स्वच्छ, पांढऱ्या, इस्त्री केलेल्या सीटकव्हरचीच किळस येते.

त्या दिवशी केंद्रात शिरल्या शिरल्या ताज्या रंगाचा वास आला. दुसरी भट्टी वार्षिक दुरुस्तीसाठी बंद होती आणि ती पुन्हा चालू करायला आमची परवानगी हवी होती, त्यासाठीच मी गेले होते. केंद्रप्रमुख बरोबर. हा गृहस्थ माझ्याहून लहान, नोकरीला लागला तेव्हा अप्पांच्या हाताखाली शिकला, त्यामुळे चारचौघांत मॅडम म्हणतो आणि काही हवं असलं की ताई. तळघरातून एक जाड नळ जातो. वीज गेली, सगळं बंद पडलं, तर भट्टीचा गाभा थंड ठेवायला पाणी याच नळातून यायचं. बाकीच्या दिवसांत तो नुसता भरून पडलेला असतो. सगळा नळ हिरव्या रंगानं चकचकीत केलेला, अगदी वरच्या कोपऱ्यातल्या वळणापर्यंत. घाईत मारलेला रंग ओळखू येतो. ब्रशचे केस चिकटलेले होते, एक मेलेला किडाही त्यात अडकला होता. आणि वळणाच्या पोटाशी रंगाला फोड आला होता. चांगला लिंबाएवढा. ताणून तुकतुकीत झालेला. मी शिडीवर चढले आणि बोट लावलं तर तो हलला. आत काहीतरी होतं. मी नख खुपसलं. फोड फुटला आणि कोमट, तपकिरी पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, बाहीत शिरलं. त्याला सडक्या तळ्याचा वास होता. रंगाची साल लोंबत राहिली आणि तिच्याखालून पाणी यायचं थांबेना. बारीक, सावकाश, पण थांबेना. शिडीखालून केंद्रप्रमुखांनी रुमाल वर केला. "नळाला घाम येतो, ताई," ते म्हणाले. "दमट हवा आहे ना." त्यांच्या आवाजात लाज नव्हती, भीती नव्हती, थोडी माझ्याबद्दलची काळजीच होती, बाही भिजली म्हणून. मी म्हटलं, घाम बाहेरून येतो, हे आतून येतंय; हे वळण कापा, नवीन बसवा, मग भट्टी चालू करायचं बोलू. ते म्हणाले, "तीन आठवडे जातील." मी म्हटलं, जाऊ देत. त्यांनी मान डोलावली, अगदी पटल्यासारखी. "अप्पासाहेब कसे आहेत?" त्यांनी विचारलं. "अजून दाराजवळच बसतात का हो?"

दुसऱ्या दिवशी खुर्ची आली, आणि त्याच दिवशी नळाच्या जाडीचे आकडेही आले. फार देखणे आकडे. मोजायचं यंत्र त्यांचं, ते धरणारा माणूस त्यांचा, आणि नळ कुठं मोजायचा हेही त्यांनीच ठरवलेलं. वळण मोजलं का, असं मी फोनवर विचारलं, तर तिथली शिडी काढून नेली होती. मी मनगट परत परत धूत होते. पाणी साधंच होतं, तळ्याचं, त्यात किरणोत्सर्ग नव्हता, मीच मोजून पाहिलं होतं. तरी धूत होते. अप्पा बाहेर बसून चहाची वाट पाहत होते आणि गुणगुणत होते.

अप्पांची सगळी नोकरी त्या केंद्रात गेली. आम्ही वसाहतीत राहायचो. तिथं घर महामंडळाचं, शाळा महामंडळाची, दूध महामंडळाच्या गाडीतून, पलंगावरच्या चादरींच्या कोपऱ्यात महामंडळाचा शिक्का. लहानपणी मी तापानं फणफणले की गालाखाली तो शिक्का यायचा, त्याची शाई धुऊन धुऊन फिकी झालेली, पण शिवण टोचायची. आई त्यांच्याच दवाखान्यात गेली. तिच्या अंगावर घातलेल्या चादरीवरही तोच शिक्का होता, आणि मला आठवतं, मी रडायचं सोडून तो शिक्का नीट आहे का, पुसट झाला आहे का, हे बघत बसले होते. लग्न मी केलं नाही. हिला सवय पाहण्याची, पण खोट काढण्यासाठी, कोण टिकणार हिच्यापुढं, असं मावशी म्हणायची. मी नियामक कार्यालयात लागले तेव्हा अप्पा वसाहतीभर पेढे वाटल्यासारखे सांगत फिरले की पोरगी आता आम्हालाच तपासणार. त्यांना ती थट्टा वाटायची. घरातल्या घरात सासू-सून खेळतात तशी. मला वाटतं अजूनही वाटते.

आमच्या अध्यक्षांना कार्यालयात सगळे मऊसाहेब म्हणतात. तीन वर्षांपूर्वी ते महामंडळाचे तांत्रिक संचालक होते, आणि आमच्याकडून निवृत्त झाले की पुन्हा तिकडच्या संचालक मंडळावर जाणार हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी तिकडच्या खोलीतला आपला फोटोसुद्धा अजून उतरवलेला नाही. त्यांनी मला बोलावलं. त्यांना एक सवय आहे. कागद उलटताना ते बोट जिभेला लावतात. पूर्ण जीभ बाहेर येते, फिकट, ओलसर, आणि मग ते बोट कागदाच्या कोपऱ्यावर टेकतं. आमच्या कार्यालयातल्या सगळ्या फायलींचे कोपरे त्यांच्या थुंकीनं फुगलेले आहेत. त्या दिवशी माझा अहवाल ते असे चाटत चाटत वाचत होते आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघायचं नाही असं ठरवून खिडकीकडे बघत होते. "फार बारकाईनं काम करता तुम्ही," ते म्हणाले. "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आपण स्वतंत्र आहोत. बरं, आता असं करू. भट्टी चालू होऊ दे. नळावर लक्ष ठेवू. पुढच्या दुरुस्तीत वळण बदलून टाकू." मी म्हटलं, पुढची दुरुस्ती वर्षानं. तोवर एकदा जरी वीज गेली आणि तो नळ फाटला, तर गाभा थंड करायला काही नाही. खाली गाव आहे. "वीज जाते कुठं आजकाल?" ते हसले. मग आवाज आणखी मऊ झाला. "हे बघा, ते आणि आपण एकाच साहेबांची लेकरं. वर सचिव एकच. भावाभावांत कुणी पोलिसांत जातं का?" मी म्हटलं, "सर, मी सही करणार नाही." आमच्या नियमांत एवढं एकच हाड आहे: ज्यानं तपासलं त्याच्या सहीशिवाय भट्टी चालू होत नाही. तो रजेवर असेल तर मात्र बदली माणसाची सही चालते. मऊसाहेब रागावले नाहीत. ते कधीच रागावत नाहीत, तेच तर भयंकर आहे. "सोमवारी दुपारी बैठक ठेवलीय. तोवर विचार करा," ते म्हणाले. "आणि वडिलांना आता बरी जागा मिळाली म्हणे. छान झालं हो." असं म्हणून त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. तो हात ओला होता.

घरी जाताना बसमध्ये मी उभी होते आणि मला सगळ्या माणसांचा राग येत होता. त्यांनी मला धमकी दिली असती तर किती बरं झालं असतं! धमकी तोंडावर फेकता येते. दारात येऊन कुणी शिवी दिली असती, बदली केली असती, अप्पांची खुर्ची काढून घेतली असती तर मी चवताळून उठले असते. त्यांनी उशी दिली. उशी कशी परत करायची? आणि माझ्याही पोटात खोल कुठंतरी, अप्पांना झाडं दिसतात हे ऐकून, एक छोटी, चिकट, सुखाची भावना झाली होतीच. मी ती पाहिली होती. तीच मला सगळ्यात घाण वाटली. मऊसाहेबांच्या जिभेपेक्षाही.

मी अप्पांना शनिवारी सांगितलं की आपण महामंडळाचा दवाखाना सोडतोय, सोमवारपासून शहरातल्या सरकारी दवाखान्यात जायचं, मी नंबर लावलाय. त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं. "मी काय केलं?" ते म्हणाले. ते असं विचारतील असं मला वाटलं नव्हतं. मी नळाचं सांगितलं, फोडाचं सांगितलं, उशीचं सांगितलं. ते ऐकत होते आणि त्यांचा चेहरा लाल होत गेला. "केंद्र म्हणजे तुझं स्वयंपाकघर नाही. रंग उडतो, पाणी झिरपतं. आम्ही ते हाताळलंय आयुष्यभर. आणि त्यांनी मला एक उशी दिली ती तुला टोचते होय?" मी म्हटलं, हो, टोचते. "माझी हाडं झिजली तिथं. ते उपकार नाहीत, माझा हक्क आहे." मी म्हटलं, हक्क होता तर दीड वर्ष दाराजवळ का बसवलं? यावर त्यांनी उठून रेडिओ लावला. जेवले नाहीत. रविवारभर माझ्याशी बोलले नाहीत, नुसते शेजारच्यांना ऐकू जाईल असं रेडिओशी बोलत राहिले. मला वाटत होतं मी चूक करतेय. म्हाताऱ्या माणसाला उठवून दुसरीकडे नेऊन बसवायचं, तेही माझ्या नाकाला वास येतो म्हणून. मागच्या महिन्यात मध्येच त्यांचं ब्लडप्रेशर एवढं खाली गेलं होतं की डोळे पांढरे झाले होते. तिथं त्यांना ओळखणारी सिस्टर होती. नवीन ठिकाणी कोण ओळखणार?

सोमवारी सकाळी आम्ही गेलो. फिनाइल, ओले मोजे आणि कुणाच्या तरी डब्यातलं उकडलेलं अंडं, असा वास. बाकावर बसायला जागा नव्हती. अप्पा भिंतीला टेकून उभे राहिले, माझ्याकडे पाठ करून. आमचा नंबर लागला तेव्हा त्यांना दोन खुर्च्यांच्या मधली, चिकटपट्ट्या लावलेली खुर्ची मिळाली. सिस्टरच्या हाताला घाई होती, सुई लागताना ते कळवळले, पण माझ्याकडे बघायचं नाही म्हणून छताकडे बघत राहिले. नळ्या लाल झाल्या. यंत्र घरघरायला लागलं. शेजारच्या खुर्चीवर एक म्हातारी होती आणि तिची सून स्टुलावर बसून स्वेटर विणत होती. मी अप्पांच्या पायावर शाल टाकली, ती त्यांनी पायानं बाजूला केली. मी पुन्हा टाकली. तेव्हा माझा फोन वाजला. मऊसाहेब स्वतः होते.

"तुम्ही वडिलांना दवाखान्यात हलवलंत असं कळलं," ते म्हणाले. "किती धावपळ होत असेल. तुम्ही एकट्या. मी तुमची आठवडाभराची रजा मंजूर केलीय, वडिलांच्या आजारपणासाठी. अर्जाबिर्जाची काळजी नको, आम्ही इकडे बघतो. दुपारच्या बैठकीचंही मनावर घेऊ नका, तुमच्या जागी सही करायला माणूस आहे. अहो, वडिलांपेक्षा मोठं काय असतं?" त्यांनी फोन ठेवला. मी म्हटलं होतं, "सर, कसली रजा?" पण ते ऐकायला पलीकडे कुणी नव्हतं. किती सुबक काम! मी खुर्ची सोडली, तर तिच्याच लाकडाचा दांडा करून त्यांनी कुऱ्हाड माझ्यावरच चालवली. मी रजेवर. बदली माणसाची सही. भट्टी संध्याकाळपर्यंत चालू. आणि कुणी म्हणूही शकणार नाही की मला अडवलं. सगळे म्हणणार, किती समजूतदार माणूस.

"कसली रजा?" अप्पांनी विचारलं. दोन दिवसांनी ते माझ्याशी पहिल्यांदा बोलत होते.

"तुमच्यासाठी. तुमच्या आजारपणाची."

"मी बरा आहे की. तू मागितलीस?"

"नाही."

"मग कुणी मागितली?"

"कुणीच नाही. बदली माणूस सही करील, म्हणजे भट्टी आज चालू होईल."

नळ्यांतून त्यांचं रक्त बाहेर जात होतं आणि परत येत होतं. त्यांचा जबडा हलायला लागला, दात नसल्यासारखा. मला वाटलं ब्लडप्रेशर उतरतंय, मी सिस्टरला हाक मारणार तेवढ्यात ते बोलले, आणि आवाज असा होता की स्वेटर विणणारी सून सुया थांबवून बघायला लागली. "माझं दुखणं," ते म्हणाले. "माझं दुखणं पुढं करून गळक्या नळावर भट्टी चालू करणार? मला न विचारता? मी तिथं काम केलंय की भीक मागितलीय? तुझ्या आईच्या तेराव्यापर्यंतसुद्धा थांबलो नाही मी, पाळीवर हजर झालो. रजा! माझ्या नावावर!" त्यांना थुंकायचं होतं. तोंडात थुंकी नव्हती, पाणी त्यांना मोजून प्यायचं असतं. तरी त्यांनी शेजारचा स्टीलचा ट्रे ओढला आणि त्यात कोरडं थुंकले. "थू." मग माझ्याकडे पाहिलं. "तू इथं का उभी आहेस?"

"अप्पा, तुम्हाला एकटं टाकून कशी जाऊ? मागच्या वेळेला—"

"चार तास या यंत्राला बांधलंय मला. मी काय पळून जाणार आहे? मेलो तर मेलो, पण त्यांच्या सोयीनं आजारी पडायचा नाही. जा."

"मी बघते हो आजोबांकडे," सून म्हणाली. "काही वाटलं तर फोन करते. नंबर द्या." मी नंबर दिला. अप्पांनी डोळे मिटून घेतले होते, पण शाल त्यांनी स्वतःच छातीपर्यंत ओढून घेतली.

टॅक्सीत मी दर मिनिटाला फोन बघत होते. त्यांचे डोळे पांढरे होत असतील, सून स्वेटरच्या नादात असेल, आणि मी एका नळासाठी निघाले असेन, आणि मग पुढचं सगळं आयुष्य मला ते पुरेल. तरी मी टॅक्सी वळवायला सांगितली नाही. बैठकीच्या खोलीचं दार उघडलं तेव्हा सगळे बसले होते. केंद्रप्रमुख होते, महामंडळाचे दोघे होते, आणि माझ्या जागी सहीला बसवलेला आमचाच एक सहकारी, ज्यानं मला पाहून पेनाचं टोपण लावून टाकलं. फाईल मऊसाहेबांसमोर होती. बोट जिभेपर्यंत गेलेलं, ते तसंच राहिलं.

"मी रजेवर नाही," मी म्हटलं. "मी हजर आहे. आणि माझी सही मिळणार नाही."

मऊसाहेबांनी बोट खाली घेतलं, रुमालाला पुसलं, आणि मग अशा मायेनं माझ्याकडे पाहिलं की सगळ्या खोलीनं माझ्याकडे तसंच पाहिलं. "अहो, पण वडील?" ते हळूच म्हणाले. "त्यांना तसंच एकटं सोडून आलात?"

"हो," मी म्हटलं. "त्यांनीच पाठवलंय."